मालक गेल्यावर काय उरते? खाण्यापिण्याचा चालता धंदा विकत घेण्याविषयी

खाण्यापिण्याचा एखादा छोटा धंदा विक्रीला निघाला, की त्याची सगळी जाहिरात बहुधा ‘चालता धंदा’ या दोन शब्दांवर उभी असते. नव्याने उपाहारगृह किंवा कॉफीचे दुकान थाटणाऱ्याला गिऱ्हाईक येईल की नाही याची धास्ती असते, पहिले कित्येक महिने पदरचे पैसे घालावे लागतात, आणि परवाने, शेगड्या, धुराडे, नळजोडणी यांच्यामागे धावता धावता पहिला कप विकला जाण्याआधीच भांडवलाचा मोठा भाग खर्ची पडलेला असतो. हे सारे कोणीतरी आधीच करून ठेवले आहे आणि आपण फक्त गल्ल्यावर जाऊन बसायचे आहे, ही कल्पना मोहक आहे. ती सर्वस्वी खोटी आहे, असेही मी म्हणणार नाही. हिशेब तपासण्याच्या माझ्या कामामुळे अशा खरेदीच्या आधी ‘जरा वह्या बघून द्या’ म्हणून ओळखीची माणसे येतात, आणि त्या वह्या चाळताना मी एकच प्रश्न मनाशी धरून बसतो: आजचा मालक उद्यापासून आला नाही, तर यातले काय उरेल?

मागितलेल्या किमतीत निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पहिली म्हणजे सामान: शेगड्या, शीतकपाटे, यंत्रे, भांडी, टेबल-खुर्च्या. नवे घेताना यांची किंमत डोळे फिरवणारी असली, तरी वापरलेल्या सामानाला बाजारात फारच थोडे मोल येते, आणि धंदा बंद पडून ते उचलायची वेळ आली तर त्याहूनही कमी. दुसरी म्हणजे जागा वापरण्याचा हक्क, जो बहुतेक वेळा जागेच्या मालकाच्या मर्जीवर असतो. तिसरी गोष्ट म्हणजे धंद्याची कमाई, आणि ती उभी असते गिऱ्हाइकांच्या सवयीवर, आचाऱ्याच्या हातावर आणि मालकाने वर्षानुवर्षे जोडलेल्या माणसांवर. किमतीतला मोठा वाटा या तिसऱ्या गोष्टीचा असतो, आणि नेमकी तीच विकणाऱ्याच्या पूर्ण मालकीची नसते. त्यामुळे खरेदीपूर्वीच्या साऱ्या तपासणीचा रोख, यातले किती आपल्या हाती येणार आहे आणि किती विकणाऱ्याबरोबर दाराबाहेर जाणार आहे, हे शोधण्याकडे असला पाहिजे.

सुरुवात नफ्यापासून करावी, कारण सर्वांत मोठी फसगत तिथेच होते आणि ती अनेकदा विकणाऱ्याच्या लबाडीशिवायही होते. समजा विक्री १०० आहे. त्यातले ३२ कच्च्या मालाला गेले, २२ पगाराला, १० भाड्याला, ७ वीज, गॅस आणि पाण्याला, आणि दुरुस्ती, विमा, पार्सलचे साहित्य, घरपोच सेवेचे कमिशन अशा किरकोळ दिसणाऱ्या पण मिळून भरभक्कम होणाऱ्या खर्चांना १२ गेले. उरले १७. विकणारा हाच आकडा दाखवतो, आणि तो खोटा नसतो. मात्र त्या धंद्यात मालक स्वतः पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, त्याची पत्नी गल्ला सांभाळते, मुलगा सुटीच्या दिवशी टेबले पुसतो, आणि यांच्यापैकी कोणाच्याही नावावर पगार पडलेला नसतो. विकत घेणाऱ्याला ती कामे पगारी माणसांकडून करून घ्यायची असतील, तर आणखी ११ बाजूला काढावे लागतात. उरले ६. त्यातून जुन्या यंत्रांच्या जागी कधीतरी नवी घ्यावी लागणार म्हणून काही ठेवावे, कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज द्यावे, आणि मग हातात काय राहते ते पाहावे. कच्चा माल आणि मजुरी मिळून विक्रीच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या आत असावी, असा या व्यवसायात एक ढोबळ आडाखा आहे. वरच्या उदाहरणात कागदावर हा आकडा ५४ दिसतो आणि बिनपगारी माणसांचे कष्ट धरले की ६५ वर जातो; म्हणजे निवांत वाटणारा धंदा प्रत्यक्षात काठावर उभा असतो.

स्वतः राबायची तयारी असेल तर हे ११ वाचतात, हे खरे. पण मग आपण धंद्याबरोबर एक नोकरीही विकत घेत आहोत, हे स्वतःशी स्पष्ट कबूल करून तिच्या पगाराची तुलना आजच्या आपल्या कमाईशी करावी. याच्या उलट काही खर्च असे असतात, की ते वह्यांमध्ये दिसले तरी नव्या मालकाला लागू होत नाहीत: घरच्या गाडीचे इंधन, कुटुंबाचे फोन, मालकाच्या जुन्या कर्जाचे व्याज. ते नफ्यात परत मिळवणे रास्त आहे. फक्त प्रत्येक रकमेमागे पावती असावी, नुसते ‘हे काही खरे धंद्याचे नाही हो’ एवढ्या बोलावर ती मिळवू नये.

यानंतर ठरलेले वाक्य कानावर येते: ‘कागदावर दिसते त्यापेक्षा खरी विक्री पुष्कळ जास्त आहे.’ रोखीचा काही भाग वहीत आणलेला नाही, असा त्याचा अर्थ. असू शकेल. माझे मत याबाबतीत कठोर आहे. ज्या विक्रीवर कर भरला नाही तिची किंमत विकणाऱ्याने मागू नये आणि घेणाऱ्याने देऊ नये. जो माणूस सरकारला एक आकडा सांगतो आणि आपल्याला दुसरा, तो तिसरा आकडा कोणासाठी राखून ठेवत असेल, हेही सांगता येत नाही. करविवरणपत्रे, बँकेची खातेउतारे आणि बिलयंत्रातली नोंद हे तीन कागद किमान तीन वर्षांचे मागवून एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि किंमत त्यांच्यातल्या सर्वांत लहान आकड्यावरून बोलावी.

विक्री पडताळण्याचा आणखी एक मार्ग मला वह्यांपेक्षाही विश्वासाचा वाटतो, तो म्हणजे खरेदीची बिले. कॉफीच्या दुकानाचे उदाहरण घ्या. एस्प्रेसोच्या दुहेरी मापाला साधारण १८ ग्रॅम पूड लागते, म्हणजे एक किलो बियांतून हिशेबाने ५५ कप निघतात आणि सांडलवंड, यंत्राची जुळवाजुळव धरून ५० च्या आसपास पदरात पडतात. दुकान रोज १०० कप विकत असेल, तर महिन्याला ६० किलो बिया लागल्या पाहिजेत. पुरवठादाराची बिले ४० किलोचीच असतील, तर उरलेले कप बोलण्यातले आहेत. पार्सलचे डबे आणि झाकणे, दूध, गॅस, वीज या सर्वांचा असाच मेळ घालता येतो. विक्री फुगवून सांगणे सोपे असते, पण न विकलेल्या कपांसाठी सतत बिया विकत घेत राहणे कोणालाच परवडत नाही.

कागद झाले, की दुकानात जाऊन बसावे. आठवड्यातल्या गजबजीच्या दिवशी विकणारा आपणहून बोलावतो. आपण आडवारी, आडवेळी, हवा वाईट असताना जावे आणि तासाला किती माणसे येतात, काय घेतात, किती जण मालकाला नावाने हाक मारतात, हे पाहावे. शेवटची गोष्ट फार बोलकी असते, कारण जिथे निम्मी माणसे मालकाशी दोन शब्द बोलण्यासाठी येतात, तिथे मालक बदलल्यावर त्यांपैकी काही येणारच नाहीत. विकणाऱ्याची संमती मिळाली तर काही आठवडे त्या दुकानात काम करावे. त्याने संमती दिली नाही तर तीही एक माहितीच आहे. हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८७ साली स्टारबक्स ३८ लाख डॉलरना विकत घेतली, तेव्हा ती मोजक्या दुकानांची कंपनी होती. पण १९८२ पासून त्यांनी तिथे नोकरी केली होती, मग बाहेर पडून स्वतःची कॉफीची दुकानेही चालवली होती. पुढचे यश बाजूला ठेवले, तरी आपण काय विकत घेत आहोत हे आतून पाहिलेला असा खरेदीदार किरकोळ चुकांपासून तरी वाचतो.

धंदा का विकतोय, हे विचारल्यावर ‘प्रकृती साथ देत नाही’ किंवा ‘मुलांना रस नाही’ असे उत्तर येते, आणि अनेकदा ते खरेच असते, कारण हा धंदा शरीर झिजवणारा आहे. तरी तेच उत्तर शेजारच्या दुकानदाराकडून, माल पोचवणाऱ्याकडून आणि जागेच्या मालकाकडून निरनिराळे ऐकावे. समोरचे कार्यालय हलणार आहे, रस्ता वर्षभर खोदला जाणार आहे, पुरवठादाराने उधारी बंद केली आहे, अशा गोष्टी त्यांना आधी कळतात.

आता जागेविषयी. मी पाहिलेल्या व्यवहारांपैकी सर्वांत जास्त इथे अडले आहेत, आणि अडले ते बरेच झाले. भाडेकराराची मुदत किती उरली आहे, ती वाढवण्याचा हक्क करारात लिहिलेला आहे की केवळ तोंडी आश्वासन आहे, वाढीव भाडे कसे ठरणार, करार नव्या माणसाच्या नावावर करायला मालकाची लेखी संमती लागते का, आणि छप्पर, गटारे, धुराडे यांची दुरुस्ती कोणाच्या माथी आहे, एवढे प्रश्न किंमत ठरण्यापूर्वी सुटले पाहिजेत. धंद्याची किंमत वर्षाच्या कमाईच्या दुप्पट ठरली आणि भाडेकरार दीड वर्षात संपणार असला, तर घातलेले पैसे परत येण्याआधीच जागेचा मालक आपल्याला हवे ते भाडे सांगू शकतो, आणि आपण ते देतो, कारण गिऱ्हाइकांची सवय त्या पत्त्याशी जोडलेली असते. म्हणून बयाणा देण्याआधी जागेच्या मालकाला स्वतः भेटावे. विकणारा ही भेट टाळत असेल, तर मी पुढची वही उघडत नाही.

परवान्यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, पण एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सारखी आढळते: परवाना एखाद्या व्यक्तीच्या किंवा जागेच्या नावाचा असतो आणि धंद्याबरोबर आपोआप हस्तांतरित होत नाही. मद्यविक्रीच्या परवान्याबाबत तर हे फारच काटेकोर असते, आणि ज्या धंद्याचा नफा मुख्यतः पेयांवर आहे, त्यात परवाना हाती पडेपर्यंत पूर्ण रक्कम देण्यात शहाणपण नाही. शिवाय जुन्या मालकाला जुन्या नियमांनुसार चालवून घेतलेल्या काही गोष्टी नव्या मालकाच्या अर्जाच्या वेळी उकरल्या जातात: हात धुण्याचे वेगळे बेसिन, सांडपाण्यातले तेल अडवणारी टाकी, धूर ओढणारा पंखा, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट. या कामांचा खर्च किमतीतून वजा होणे न्यायाचे आहे. मागच्या तपासण्यांचे अहवाल मागावेत आणि त्यांबरोबर भटारखान्यातली तापमानाची नोंदवहीही पाहावी. अन्नातले धोके आधीच ओळखून त्यांवर नजर ठेवण्याची ‘हॅसप’ ही पद्धत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनी यांनी मिळून विकसित केली आणि आज ती जगभरच्या स्वयंपाकघरांत पोचली आहे. तिचा कणा म्हणजे वेळोवेळी केलेल्या नोंदी. महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने आणि एकाच बैठकीत भरलेल्या दिसल्या, तर त्या वहीने आपले काम वेगळ्या अर्थाने केले आहे.

सामानाची तपासणी धंदा जोरात चालू असताना करावी. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दारे सतत उघडत असताना शीतकपाट ५ अंश सेल्सिअसच्या आत राहते का, गोठणकपाट उणे १८ वर टिकते का, दारांचे रबर चिकटून बसते का, हे आपल्याजवळच्या तापमापकाने पाहावे. कॉफीचे यंत्र ९ बारच्या आसपास दाब धरते का आणि त्याच्या बॉयलरमध्ये क्षार किती साचले आहेत, हे दुरुस्ती करणाऱ्याला पैसे देऊन तपासून घ्यावे. याहून महत्त्वाचे म्हणजे कोणती वस्तू कोणाच्या मालकीची आहे, हे विचारावे. शीतपेयांचे कपाट पेयांच्या कंपनीने ठेवलेले असते, कॉफीचे यंत्र बिया पुरवणाऱ्याचे असते, ताशी शेकडो थाळ्या धुणारे यंत्र भाड्याचे किंवा हप्त्यावरचे असते. विकणारा मुद्दाम लपवतोच असे नाही. इतकी वर्षे वापरून त्यालाही ते आपलेच वाटू लागलेले असते.

आणि आता आचारी. पदार्थांची चव हा धंद्याचा पाया आहे असे सगळेच म्हणतात, पण ती चव कुठे साठवलेली आहे हे थोडेच जण विचारतात. प्रत्येक पदार्थाची कृती वजनामापांसह लिहून ठेवलेली असेल, तर ती विकत घेता येते. ती केवळ एका माणसाच्या हातात असेल, तर आपण त्या माणसाच्या राहण्यावर पैज लावत आहोत. तो मालकाचा नातेवाईक असला, तर बहुधा मालकाबरोबरच जातो. म्हणून करारात प्रमाणासह लिहिलेल्या कृती आणि पुरवठादारांची यादी यांचा स्पष्ट उल्लेख असावा, मूळ मालकाने ठरलेल्या काळापुरते रोज येऊन शिकवण्याची अट असावी, आणि मुख्य आचारी सहा महिने किंवा वर्षभर टिकला तर त्याला द्यायची बक्षिसाची रक्कम खरेदीच्या खर्चातच धरावी. नोकरांशी विकणाऱ्याच्या पाठीमागे बोलणी करू नयेत. बातमी फुटली की चांगली माणसे सर्वांत आधी नोकरी शोधू लागतात, आणि सौदा मोडला तरी विकणाऱ्याचे नुकसान झालेले राहते. बयाण्यानंतर आणि अंतिम सहीच्या आधी, मालकाच्या उपस्थितीत, ही भेट व्हावी. थकलेले पगार, साचलेल्या रजा आणि नोकरी संपल्यावरची देणी कोण फेडणार, तेही त्याच वेळी लेखी ठरवावे.

विकणाऱ्याने ठरावीक काळ, ठरावीक अंतरात तोच धंदा पुन्हा काढू नये, ही अट बहुतेक जण घालतात, पण नाव, कृती आणि जागा या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हींचा वेगळा उल्लेख लागतो, हे विसरतात. याचे गाजलेले उदाहरण मॅकडोनाल्ड्सचे आहे. रे क्रॉक यांनी १९६१ साली रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांकडून २७ लाख डॉलरना कंपनी घेतली, पण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील मूळ उपाहारगृह त्या सौद्याबाहेर राहिले. नाव मात्र विकले गेले होते, त्यामुळे भावांना आपल्याच दुकानावरची पाटी उतरवून ‘द बिग एम’ अशी नवी पाटी लावावी लागली. क्रॉक यांनी जवळच मॅकडोनाल्ड्सची शाखा उघडली, आणि भावांचे दुकान काही वर्षांत बंद पडले. आजच्या व्यवहारात नावाच्या जोडीला दूरध्वनी क्रमांक, नकाशावरची नोंद, समाजमाध्यमांवरची खाती आणि घरपोच सेवेच्या ॲपवरचे खाते यांचाही हिशेब करावा लागतो. गिऱ्हाईक ज्या क्रमांकावर मागणी नोंदवतात तो मालकाच्या खाजगी नावावर असतो, आणि ॲपवर मिळालेले तारे नव्या खात्यावर येतीलच याची खात्री नसते.

व्यवहाराचे स्वरूप ठरवण्यासाठी वकील आणि लेखापाल या दोघांना पैसे मोजणे भाग आहे. ढोबळ फरक असा, की कंपनीच विकत घेतली तर तिची जुनी देणी, थकलेला कर आणि चालू खटले यांसह ती घ्यावी लागते. केवळ मालमत्ता आणि नाव विकत घेतले तर यातले बरेचसे मागे राहते, सगळेच नव्हे. लहान धंद्यासाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो. विकलेली भेटकूपने, समारंभांसाठी घेतलेले आगाऊ पैसे, मासिक जेवणाची आधी भरलेली वर्गणी हे पैसे जुन्या मालकाने खर्च केलेले असतात आणि जेवण मात्र नव्या मालकाला वाढावे लागते, म्हणून त्यांची यादी करून तेवढी रक्कम किमतीतून कापावी.

पूर्ण किंमत एका दिवशी देऊ नये. काही भाग सहा महिने ते वर्षभर त्रयस्थाकडे अडकवून ठेवता आला, किंवा विकणाऱ्यानेच तो हप्त्यांनी घ्यायचे कबूल केले, तर मागाहून निघणाऱ्या देण्यांविरुद्ध आधार राहतो. धंद्यावर खरा भरवसा असलेला विकणारा अशा अटीला कुरकुरत का होईना तयार होतो, असा माझा अनुभव आहे. किंमत ठरवताना सगळी शिल्लक त्यात ओतू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. जुन्या मालकाला महिन्याच्या उधारीवर माल देणारा पुरवठादार नव्या मालकाकडून पहिले काही महिने रोख मागतो, विजेची आणि जागेची अनामत नव्याने भरावी लागते, आणि ताबा घेतल्यानंतर लगेचच एखादे यंत्र बंद पडते. तीन महिन्यांचे भाडे, पगार आणि माल एवढे खेळते भांडवल हाताशी नसेल, तर किंमत कितीही रास्त असली तरी तो धंदा आपल्याला महागच पडणार.

ताब्याच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर दोघांनी मिळून मालाची मोजणी करावी. बंद पाकिटे खरेदीच्या भावाने धरावीत, उघडलेली आणि मुदत संपत आलेली धरू नयेत. वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडे सह्यांनिशी लिहून घ्यावेत, आणि किल्ल्यांबरोबर बिलयंत्राचे व खात्यांचे परवलीचे शब्दही ताब्यात घेऊन तिथेच बदलावेत. पुढचे दोन-तीन महिने पाटी, पदार्थांची यादी, दर आणि वेळा यांना हात लावू नये. नव्या मालकाला भिंतींचा रंग आधी खुपतो, पण या काळात कोणता पदार्थ खपतो, कोणता फक्त यादीत आहे, कोणता विकला जातो पण पैसे देत नाही, याची नोंद रोज ठेवली तर पहिला बदल कुठे करायचा ते त्या वहीतूनच कळते. बहुतेक ठिकाणी तो न खपणारे चार-पाच पदार्थ यादीतून काढण्याचा असतो.